मला नाणी ओळखता येत होती

माझ्या लेकीला वाटत होतं, की आईला जर्मनीतली नाणी ओळखू येत नाहीत. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला! सतराचा पाढा येत नाही म्हणून ज्या पोरींना मी बाकावर उभं केलं, त्यांनी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसल्या असत्या. पण लेकीला तसं वाटत होतं, आणि तिला तसं वाटू दिलं ते मीच. आता दोन वर्षं झाली, आता कबूल करायला हरकत नाही.

माझे यजमान गेले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. लेक-जावई जर्मनीत नोकरीला. लेक म्हणाली, "एकटी काय करून राहिली तिकडे? तीन महिने ये." गेले. तिथे जाऊन कळलं, की एकटं राहायला विमानानं जायची काही गरज नव्हती. दोघं सकाळी सात चाळीसला बाहेर पडायचे, ते संध्याकाळी सहाला उगवायचे. मधे मी, चौथा मजला आणि खिडकी. शेजारीपाजारी कोण राहतं ते तीन महिन्यांत कळलं नाही. जिन्यात कोणी भेटलं तर दोन शब्द बोलायचे आणि असे सटकायचे, जशी मी वर्गणीची पावती फाडायला आले आहे.

पहिल्याच रविवारी लेकीनं जेवणाच्या टेबलावर नाणी मांडली आणि माझी शिकवणी घेतली. "हे पाय आई, हे दहा सेंट, हे पन्नास, हा एक युरो." मी म्हटलं, हे काय वेडंबागडं काम आहे? पन्नास सेंटचं नाणं एक युरोपेक्षा मोठं, आणि दहाचं नाणं पाचापेक्षा लहान! आपल्या वर्गात एखाद्या पोरीनं असा चढता क्रम लावला असता तर मी तिला परत पाठवलं असतं. शिवाय माझं दुसरं दुखणं होतं. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या घरात होता, आणि माझं डोकं कशालाही नव्वदनं गुणल्याशिवाय राहत नव्हतं. कोबीचा गड्डा एकशेऐंशी रुपये! तो कोबी माझ्या घशाखाली उतरेना. जावई पुण्याकडचे, मऊ बोलणारे. ते म्हणाले, "आई, गुणाकार थांबवा. नाहीतर तुम्ही इथे उपाशी राहाल."

दर गुरुवारी चर्चसमोरच्या चौकात भाजीबाजार भरायचा. लेकीनं पाकिटात चिल्लर आणि वीसची नोट भरून दिली आणि म्हणाली, "जाऊन ये, पाय मोकळे होतील." मी गेले. माझ्याच वयाची एक भाजीवाली होती, अंगानं चांगली भरलेली, बोटं उघडी राहतील असे लोकरीचे हातमोजे घातलेली. मी टमाटे घेतले, शेंगा घेतल्या. तिनं तोलल्या, पिशवीत भरल्या. आणि मी, सवयीप्रमाणे, समोरच्या टोपलीतून सांभाराची मूठ उचलली आणि वरतून पिशवीत टाकली. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आमच्या इतवारा बाजारात मी ती अशी वरतून घेतली नाही तर भाजीवालीच विचारते, "काहून वो मास्तरीणबाई, रागावल्या काय?"

इथली भाजीवाली एकदम मोठ्यानं काहीतरी बोलली. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली. तेव्हा मला टोपलीवरची किमतीची पाटी दिसली, आणि तो सांभारही नव्हता, तसलाच दिसणारा दुसरा पाला होता. यांच्या देशात येऊन मी चोरी केली, असंच त्यांना वाटलं असणार! इंग्रजी येतं मला, पण ते नेमकं तेव्हा पळून गेलं. मी घाईघाईनं पाकीट उघडलं, सगळी चिल्लर तळहातावर ओतली आणि हात तिच्यापुढे धरला. घे बाई, काय घ्यायचं ते घे.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिला काय कळलं कोण जाणे, तिचा आवाज उतरला. तिनं डाव्या हातानं माझा हात खालून धरला आणि उजव्या हाताच्या बोटांनी एकेक नाणं उचलायला लागली. प्रत्येक नाणं मला दाखवायची, त्याचा आकडा बोलायची आणि आपल्या खिशात टाकायची. नखांत माती होती तिच्या. हात थंडगार. पैसे पुरे झाल्यावर तिनं माझी चारही बोटं आतल्या चिल्लरीवर मिटवली, वरून थापटलं आणि हसली. तो पाला पिशवीतच राहिला.

घरी येईपर्यंत मी ती मूठ उघडली नाही. यजमान गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला बायका आल्या होत्या, त्यांनी माझे हात धरले होते. त्यानंतर माझा हात कोणी धरला नव्हता. आमच्या घरात गळ्यात पडायची रीतच नाही. लेक विमानतळावर भेटली तेव्हा पाया पडली, मी पाठीवरून हात फिरवला, झालं. मला रडू आलं, आणि रागही आला. साठी ओलांडलेली बाई, आणि भाजीवालीनं हात धरला म्हणून रडते!

त्याच रात्री मी नाणी शिकून घेतली. शिकायचं काय होतं त्यात? दोन तास पुरले. वीसच्या नाण्याच्या कडेला खाचा असतात, दहाचं दातेरी, पाचाचं तांबडं आणि गुळगुळीत. डोळे मिटून ओळखायला लागले. पण पुढच्या गुरुवारी भाजीवालीनं आकडा सांगितला, आणि माझा हात आपसूक तिच्यापुढे उघडला. तिनं खालून धरला, एकेक नाणं उचललं, आकडा बोलली, मूठ मिटवली, थापटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. नंतर नंतर तर मी घरून मुद्दाम बारकी चिल्लर न्यायला लागले. दोन युरोच्या एका नाण्यात काम आटोपतं. दहा-दहा, पाच-पाच सेंट असले की तिला वेळ लागायचा.

अकोल्याला माझी धाकटी बहीण असते. फोनवर जय भीम झालं आणि मी तिला हे सांगितलं.

"म्हणजे ताई, तुले मोजता येते?"

"येते."

"मंग काहून सोंग करून राहिली?"

"तुले नाही समजणार. तुझ्या घरात सात माणसं आहेत."

ती म्हणाली, "कर मग. कोणाच्या बापाचं काय जाते!"

दोन महिने हे चाललं. मग एका गुरुवारी लेकीला सुट्टी होती. ती म्हणाली, मी पण येते. नको कसं म्हणणार? भाजी घेतली, आकडा झाला, आणि लेक पाकिटाला हात घालेपर्यंत भाजीवालीनंच सवयीनं माझ्याकडे हात केला. माझाही उघडलाच. लेक पाहतच राहिली. "आई! असा भिकाऱ्यासारखा हात काय पुढे करतेस? गणिताची बाई तू!" तिचं तोंड लाल झालं होतं. माझी लाज वाटली तिला, आणि माझ्यासाठी वाईटही वाटलं, दोन्ही. मग ती भाजीवालीशी जर्मनमध्ये भराभर बोलली. घरी येताना मी विचारलं, काय सांगितलंस? "सांगितलं, की माझी आई तीस वर्षं गणित शिकवत होती. भाजीवाली कौतुकानं पाहून राहिली होती तुझ्याकडे."

पुढच्या गुरुवारी मी एकटी गेले. भाजीवालीनं मला पाहून हात उंचावला, रांगेतल्या दोघीतिघींना काहीतरी सांगितलं, त्याही हसून माझ्याकडे पाहायला लागल्या. आकडा झाला. मी हात उघडला. तिनं मान हलवली, माझा हात हलकेच बाजूला केला आणि एक काचेची बशी पुढे सरकवली. आणि थांबली. पोरीला फळ्यापाशी उभं केल्यावर मी थांबायचे, तशी. बिचारी माझा मानच करत होती. मी बशीत पैसे मोजून टाकले, अगदी बरोबर. तिनं टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या बायांनीही वाजवल्या. आयुष्यात एवढ्या टाळ्या मला शाळेच्या निरोप समारंभातही मिळाल्या नव्हत्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच्या पुढच्या वेळी मी मुद्दाम चूक केली. वीस सेंट जास्त टाकले. म्हटलं, आता तरी हात धरून दाखवेल. तिनं एका बोटानं नाणं माझ्याकडे सरकवलं, डोळा मिचकावला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या संध्याकाळी मी लेकीवर भडकले. कारण काही नव्हतं, कुकरच्या शिट्टीवरून सुरू झालं. शेवटी बोलून गेले, "तुले कोणी सांगितलं होतं तिच्याशी बोलायले? मले पैसे मोजता येत होते. दुसऱ्या गुरुवारपासून येत होते! तीन महिन्यांत माझ्या हाताले हात लावणारी ती एकटीच होती, तेही बंद केलंस तू."

लेकीनं येऊन मला घट्ट धरलं. किती वेळ. माझ्या खांद्यावर तिचं तोंड ओलं झालं होतं. म्हणाली, "आई, सांगायचं ना गं." काय सांगायचं असतं, आणि कोणत्या शब्दांत, ते मला अजूनही माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती ऑफिसला जाताना रोज मला जवळ घ्यायला लागली. सात चाळीसला, बूट घालून झाले की. एका हातात किल्ल्या, खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातानं मला. जावई दारात खाली मान घालून उभे राहायचे. वेळेवर गोळी द्यावी तसं ती मला जवळ घ्यायची, आणि तिचा काही दोष नाही, लेक गुणाचीच आहे. मीही सात पस्तीसपासून हातातलं काम सोडून दाराशी येऊन उभी राहायचे. केस नीट करायचे. हसू नका.

परत यायला चार दिवस उरले होते. त्या सकाळी तिचा फोन वाजला, कसलीतरी मीटिंग लवकर होती. ती फोनवर बोलत बोलतच बूट घालून बाहेर पडली, मला हात केला, आणि धडधड जिना उतरत गेली. मी उंबरठ्यावर उभी होते. तिसरा मजला, दुसरा, पहिला. हाक मारली असती तर ती वर आली असती, नक्की आली असती. तोंड उघडलंही होतं मी. पण पोटच्या पोरीला "मला जवळ घ्यायचं विसरलीस" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? खालचं दार लागल्याचा आवाज आला, तरी मी तिथेच उभी होते.