वाढत्या अंगाचं माप

शिंप्याच्या दुकानात एक बाई मुलीच्या फ्रॉकसाठी कापड घेऊन आल्या होत्या. मापाला तिचा जुना फ्रॉक होता. लहान मुलांचे कपडे शिवताना शिंपी खालच्या घेराला चार बोटं कापड जास्त घेऊन ते आत दुमडतात. मूल उंच झालं की ती दुमड उसवायची.

"वाढीचं सोडू नका, मापातच शिवा," बाई म्हणाल्या.

"अहो ताई, दिवाळीपर्यंत गुडघ्याच्या वर जाईल आणि शिव्या मला घालाल!" शिंपी हसला.

"डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलंय. आता उपाय नाही म्हणाले."

शिंप्याचं हसू थांबलं. प्रत्येक धंद्यात सवयीनं बोलायचं काहीतरी असतं. परिचारिका "आज बरं वाटतंय ना?" म्हणते, बातमीदार गेलेल्या माणसाचं वय विचारतो. रोज बोलून त्या शब्दांची धार बोलणाऱ्याला जाणवत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ती लागते. अशा वेळी आपलं काम चोख करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुठल्याच धंद्यात शिकवत नाहीत.

शिंप्यानं कापड पसरलं आणि खडूची रेघ नेहमीसारखी मापाच्या चार बोटं खाली ओढली. बाईंनी ती पाहिली.

"लहान लेकराचं मापात कापत नाही, ताई," तो खाली मान घालून म्हणाला. "हात धजत नाही."

बाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तिचे बाबा उंच आहेत," त्या म्हणाल्या. "अजून दोन बोटं सोडा."