मागची काच बसली, पण नारळ कुठं फोडायचा?

मंडळी, आज हुडकेश्वरला आमच्या अंगणात जे झालं ते सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

आमच्या जुन्या गाडीची मागची काच गळायची. गाडी धुतली की डिक्कीत तळं. आज नवऱ्याने काच काढली, नवं रबर चढवलं आणि रबराच्या खाचेत दोरी घातली. तो बाहेरून काच तळहाताने दाबत होता, मी आत बसून दोरी हळूहळू ओढत होते. दोरीमागोमाग रबर काठावर चढत गेलं आणि काच बसली. नवरा चक्क नाचला.

मग परीक्षा. सासूबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या, नवऱ्याने काचेवर पाइप सोडला. आतून आवाज आला, "एक थेंब नाही आला गा."

तेवढ्यात सासरे नारळ घेऊन आले. गाडीचं काम झालं की नारळ फुटतोच. पण त्यांनी हात उगारला तो थेट नुकत्याच बसवलेल्या काचेमागे. मी आडवी आले.

"बाबा, तिथं काहून फोडून राहिले? समोर फोडा ना," नवरा ओरडला.

"काम मागं झालं, तं नारळ समोर काहून?"

शेवटी तह झाला आणि नारळ गेटच्या पायरीवर फुटला. बाबांनी वाटीत धरलेलं पाणी पहिला मान म्हणून खिडकीतून सासूबाईंना दिलं. त्यांना हसू आवरेना. अर्धी वाटी सीटवर.

एवढी मेहनत करून मागून अडवलेलं पाणी शेवटी बाजूच्या खिडकीतून आलं.

तुमच्याकडे मागच्या कामाचा नारळ कुठं फोडतात? जपून सांगा, बाबा शेजारी बसून वाचताहेत.