शिपायाचा दंड

मुलांनो, पगार वाढूनही नोकरीत मन लागत नाही, असे तुमच्यापैकी एकाने लिहिले आहे. मला आमच्या वेल्ह्याच्या शाळेतला शिपाई आठवला. क्रमाने सांगते.

मी मॅट्रिक होऊन तिथे मुलींच्या वर्गाला शिकवू लागले, तेव्हा भोरला संस्थानी राज्य होते. शाळेची घंटा म्हणजे वळचणीला टांगलेला लोखंडाचा तुकडा. शिपाई ती घड्याळ न पाहता वाजवी. समोरच्या खाचरात भातलावणीला वाकलेल्या बायांच्या कमरा कधी अवघडल्या, हे त्याला ओट्यावरून दिसे. मग आमची मधली सुट्टी होई. घंटा ऐकून बाया भाकरीची फडकी सोडत, गुराखी गुरे पाण्यावर नेत. वाटेवरून कोणीतरी ओरडे, "काय मामा, आज लई लवकर जेवाया घातलंत!"

मला वक्तशीरपणाचे वेड. नवे हेडमास्तर आले तेव्हा घड्याळाचे मीच सुचवले. त्यांनी ठोके देणारे घड्याळ भिंतीवर लावले, घंटेचा हातोडा आपल्या टेबलाच्या खणात टाकला, आणि शिपायाची नाराजी नको म्हणून संस्थानच्या कचेरीतून त्याला महिना एक रुपया वाढवून आणला.

"काम कमी, पगार जास्त. मग तोंड पाडून का बसतोस?"

"मास्तर, रुपयाला कोन हाक मारतंय? वाटंवरली मान्सं आता नुसती निघून जात्यात."

त्या आठवड्यात तो चारदा आजारी पडला. मग माझ्याकडे आला. "बाई, इंग्रजीत अर्ज लिवा. वाढ परत घ्या, हातोडा द्या. न्हाईतर म्या नोकरी सोडतो."

त्याच्या घरी खाणारी सहा माणसे होती. मी पुष्कळ समजावले, तो ऐकेना. शेवटी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला.

कचेरीत गोंधळ उडाला. पगार वाढवून मागण्याचा नमुना होता, कमी करून मागण्याचा नव्हता. शिपाई भानावर आहे ना, हे पाहायला एक अधिकारी विंझरहून बैलगाडीने आले.

"दुखतंय कुठं तुझं?"

"कुटंच न्हाई, सायेब. बसून बसून दिस जाईना."

"माझाही जात नाही," अधिकारी म्हणाले. "मी कधी अर्ज केलाय?"

दोन दिवस त्यांनी नियमांची पुस्तके चाळली. वाढवलेला पगार कमी करता येत नव्हता. दंड मात्र करता येत होता. म्हणून हुकूम निघाला: शिपायाने रोज विनापरवाना घंटा वाजवावी आणि त्या गुन्ह्याबद्दल दरमहा एक रुपया दंड भरावा. हातोडा त्याच्या ताब्यात द्यावा, कारण त्याविना गुन्हा घडणे अशक्य आहे.

हेडमास्तरांनी हुकूम तीनदा वाचला आणि खण उघडला. शिपायाने कागदावर अंगठा उठवला, हातोडा घेतला आणि थेट ओट्यावर गेला. घड्याळात साडेदहाच झाले होते. खाचरातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून ताठ होऊ पाहत होती. त्याने मधली सुट्टी केली.