गाठ मारणारा हात

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती भेस्तानच्या आमच्या यंत्रमागांच्या गल्लीत येते. जवळच्या दवाखान्यातली सिस्टर. खांद्याला लशीची निळी पेटी असते, आणि जणू पेटीत कुणी झोपलंय अशी हळू चालते. नाव मी कधी विचारलं नाही. टोचण्याआधी प्रत्येक लूम कारागिराला विचारते, "तुटलेल्या धाग्याला गाठ कोणत्या हाताने मारता, भाऊ?" दंड दोन दिवस दुखतो, म्हणून ती दुसऱ्या हाताला टोचते.

"मागच्या साली घेतली होती ना!" कुणीतरी कुरकुरतंच.

"मागच्या सालची डिझाईन यंदा चालते का? फ्लूचा विषाणूपण रूप बदलतो. देशोदेशीचे नमुने बघून यंदा कोणता फिरेल त्याचा अंदाज बांधतात, मग नवी लस करतात. अंदाज चुकतोही कधी. पण घेतलेली असली की दुखणं सहसा जिवावर बेतत नाही."

गेल्या साली माझ्या वडिलांना, आबांना, लस द्यायचा मी आळस केला, आणि फ्लूने ते आठवडाभर ऑक्सिजनवर होते. जन्मभर लूम चालवलेल्या आबांना आता माझंही नाव आठवत नाही. यंदा तिने त्यांनाही तेच विचारलं. आबांनी दोन्ही हात उचलले, हवेतला धागा चिमटीत धरला आणि गाठ मारू लागले.

सुई हातात धरून ती गाठ पक्की होईपर्यंत थांबली.