गिरजाताईंची सूचना

गेल्या वर्षी मुरबाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीनं ‘बदलाचा महिना’ साजरा केला. साजराच म्हणायचं. भिंतीवर फलक लागले, पेढे वाटले आणि एक सूचनापेटी टांगली गेली. मी पॅकिंगचा सुपरवायझर. पेटी रिकामी राहिली तर बोलणी मलाच खावी लागणार, म्हणून मी बायांच्या मागं लागलो.

पॅकिंगला आठ जणी होत्या, सगळ्या शेणवे गावाकडच्या आणि ठेक्यावरच्या. त्यांत गिरजाताई सर्वांत जुन्या. नवरा वारल्यापासून बारा वर्षं त्या बल्बचे होल्डर खोक्यांत भरत होत्या. रिकामी खोकी संपली की प्रत्येकीला उठून गोदामात जावं लागायचं.

“आमच्याकडं आवणीला रोपांच्या मुठी आधीच खाचरात पुढं टाकून ठेवतात,” त्या म्हणाल्या. “मंग बाईला परत बांधावर जायला लागत नाय. हितं पन तसाच करा ना, दादा. खोकी सकाळीच हाताशी मांडा.”

“फायदा काय लिहू?”

“लिहा, काम तासभर आधी उरकंल. समद्या उजेडात घरी जातील.”

आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, तसंच असतं. शेत आटपलं की सगळ्या मिळून निघतात. पण मला कंपनी माहीत होती. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे पंधरा वर्षं बघितलेलं. तरी मी आठ जणींचा एकेक तास धरून फायद्याच्या रकान्यात लिहिलं, ‘रोज आठ तासांची बचत.’ लिहिताना चक्क खूश होतो मी.

गिरजाताईंना पहिलं बक्षीस मिळालं. शाल, नारळ, फोटो. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. आठ तास म्हणजे एक बाई. सर्वांत नवीन कोण? नवीन होती रेश्मा, गिरजाताईंची भाची. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन वर्षांची मुलगी. मावशीनंच तिला कामाला लावलं होतं. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं.

गिरजाताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. “सूचना माजी, तर मला काढा. पोरीला ठेवा.”

मी साहेबांना विचारलं. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, “बघू. आधी राजीनामा येऊ दे.” या ‘बघू’चा अर्थ मला कळायला हवा होता. मी बाहेर येऊन गिरजाताईंना सांगितलं की होईल काम, माझा शब्द. त्यांनी त्याच दिवशी राजीनाम्यावर सही केली, आणि रेश्मानं सोमवारपासून परत कामावर यायचं ठरलं.

सोमवारपर्यंत पाच दिवस होते. तेवढे दिवस उरलेल्या सहा जणींनी दम न घेता माल काढला, कारण आता आपल्यातलं कोण जाणार, याची प्रत्येकीला धास्ती होती. साहेबांनी आकडे बघितले. म्हणाले, “सहा जणींत भागतंय की. कशाला हवी सातवी?”

सोमवारी रेश्मा डबा घेऊन गेटवर आली. सोबत गिरजाताई होत्या, कडेवर रेश्माची मुलगी घेतलेल्या. मला स्वतःची लाज वाटत होती, आजही वाटते. मी खिडकीतून त्यांना बघितलं, आणि जागा भरायची नाही हे त्यांना सांगायला वॉचमनला पाठवलं.