वीतभर फट

त्याला सगळे बूच म्हणत. नव्या घरांच्या भिंतींतल्या फटी फोमने बुजवायच्या, खिडक्यांच्या कडा सीलंटने बंद करायच्या, हा त्याचा धंदा, आणि नाव ठेवायला लोकांना तेवढं कारण पुरतं. माणूस मात्र बुचासारखा एका जागी बसणारा नव्हता. जेवताना दोनदा उठायचा. खुर्चीवर नीट टेकलेलं त्याला बायकोनेही लग्नाच्या फोटोतच पाहिलं होतं.

आज तर तो पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होता. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बंद केल्यावर आता त्याने स्वतःचं बांधलं होतं, आणि आज त्याची तपासणी होती. नियम साफ होता: नव्या घरातून ऊब बाहेर गळता कामा नये, म्हणजे शेगड्या नि हीटर कमी जळतील. दाखला मिळाल्याशिवाय राहायला जायचं नाही. इकडे भाड्याची खोली महिनाअखेरीस सोडायची होती आणि घरमालकाने ती दुसऱ्याला देऊनही टाकली होती.

तपासणीच्या बाईंनी पुढच्या दारात मोठा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर ओढतो, मग बाहेरची हवा जिथून वाट मिळेल तिथून आत घुसते, आणि किती घुसते ते यंत्रावर दिसतं. आकडा वर चढला आणि वरच राहिला.

"नापास," बाई म्हणाल्या. "कुठेतरी मोठी गळती आहे."

"माझ्या घरात? शक्यच नाही!"

"यंत्राला कुठे माहीत घर कोणाचं आहे ते? मला शेजारच्या गल्लीत एक घर बघायचंय. ते उरकून येते. तोवर सापडली तर आजच पुन्हा तपासू. नाहीतर पुढची तारीख पुढच्या महिन्यात."

बाईंनी पंखा चालूच ठेवला. बूच मनगट ओलं करून भिंतीभिंतीने फिरला. स्वयंपाकघर ठीक. न्हाणीघर ठीक. आईच्या खोलीत, तिने हट्टाने आधीच आणून ठेवलेल्या ट्रंकेमागे, मनगटाला गार झोत लागला. त्याने ट्रंक सरकवली. भिंतीच्या पायाची पट्टी उचकटलेली होती आणि मागचा फोम सुरीने खरवडून काढलेला. चांगली वीतभर फट!

आई दारात उभी होती. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"मीच केलंय ते."

"आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सगळ्या गावाची घरं मी बंद करतो आणि माझ्याच घराला तू भोक पाडतेस?" त्याचा आवाज इतका चढला की त्यालाच लाज वाटली.

"बुजवलंस तर मी इथे राहायची नाही."

मग ती बोलली. बूच लहान असताना ते तिघं एका खोलीत राहत. थंडी कडाक्याची, खोलीत कोळशाची शेगडी. फटींतून वारा येतो म्हणून तिने चिंध्या कोंबल्या होत्या. सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडून गुदमरलेल्या मायलेकरांना बाहेर ओढलं. बाप उठलाच नाही. हे बुचाला ठाऊक होतं. चिंध्या कोणी कोंबल्या, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"इथे कोळसा नाही, आई," तो हळू म्हणाला. "आणि ताज्या हवेचं यंत्र आहे. घर बंद करायचं तर ते लावावंच लागतं, नियमच आहे."

"आणि वीज गेली की?"

बुचाने खोलीला दोन फेऱ्या मारल्या. मग तिचा हात धरून खिडकीच्या कडीवर ठेवला. तिची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली, कडी हलेना. त्याने पेचकस काढला, स्क्रू सैल केला, तेल सोडलं, पुन्हा तिचा हात ठेवला. पुन्हा सैल केला. शेवटी कडी तिच्या एका बोटाने फिरली.

"बंद कर आता," ती म्हणाली, आणि त्याने फट बुजवली.

बाई परतल्या आणि त्यांनी पंखा थांबवला. तपासणीपुरतं त्यांनी ताज्या हवेच्या यंत्राचं तोंडही चिकटपट्टीने बंद केलं. आईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"आजी, बाहेर बसलात तरी चालेल. आत बसलात तर काही उघडायचं नाही."

"मी आतच थांबते," आई म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

पंखा घुमू लागला. बुचाने यंत्राकडे बघायला हवं होतं, पण तो आईच्या दाराशी उभा राहिला. ती खिडकीपाशी होती, हात कडीवर. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. एकदा कडी किंचित हलली. उघड म्हणावं, खड्ड्यात गेला तो दाखला, असं त्याच्या अगदी तोंडावर आलं. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. कडी तिथेच राहिली.

"पास!" बाहेरून बाई ओरडल्या. पंखा थांबला.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"झालं."

तिने एका बोटाने कडी फिरवून खिडकी उघडली. बूच तिच्या ट्रंकेवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.