बाटलेली रांग

आमच्या अबोलीला कुणी शहाणपणा शिकवायला निघालं की मला आधी त्या माणसाचीच कीव येते. अबोली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, निखिलची बायको. खारघरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. सोसायटीत झाडं म्हणजे चार कुंड्या, त्यांनाही पाणी घालायला माळी. लग्न होऊन ती उरणजवळ आमच्या माहेरी आली तेव्हा करंजाड्याला माझ्या सासरपर्यंत कानावर आलं, ही महिनाभर टिकली तरी खूप. टिकली कसली, मुळं धरून बसली!

घरामागे आमचा पानमळा आहे. केवढासा तो, सुपारीवर चढवलेल्या नागवेलीच्या काही रांगा. बाबा गेल्यावर माझी आई आणि बाबांचे भाऊ शिवराम काका मिळून तो सांभाळतात. निखिल कंटेनर यार्डात शिफ्टवर, त्याला मळ्याचं काही पडलेलं नाही. अबोलीने मात्र येताच पाण्याचं काम अंगावर घेतलं. आणि तिचा जीव जडला त्या मळ्यावर. सकाळी चहा राहील, पण वेलींना हात लावून आल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

मळ्याचे दोन नियम. चपला बाहेर काढायच्या, आणि बाईने त्या चार दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही. पहिला तिला पटला. पायाखाली कोंब चिरडतात, बरोबर आहे, म्हणाली. दुसऱ्याचं तिने काकांना तोंडावर सांगितलं.

"हा मी पाळणार नाही, काका. पण चोरून पण जाणार नाही. सांगून जाईन."

आणि जायची, अगदी सांगून! काका धुमसायचे. आई गप्प. आमची आई आयुष्यभर गप्पच राहिलेली बाई.

गेल्या पावसाळ्यात काकांनी कडेला एक नवीन रांग लावली. विमानतळासाठी गावं उठली त्यात त्यांच्या मामाचं गाव गेलं, पण मामाचा जुना मळा कुंपणाबाहेर राहिला होता, रान माजलेला. काका चिखल तुडवत तिथे गेले आणि वेलीच्या कांड्या कापून आणल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून आणल्या. "मामाची आठवन हाय," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू.

पानं फुटली ती अगदी नागवेलीसारखी, बदामी आणि हिरवीगार. सगळे खूश. पण पुढे वेल सुपारीवर चढेना. जमिनीवरच लोळायला लागली. शेंड्याकडची पानं बारकी आली आणि त्यांच्यामधून हिरवे, उभे तुरे निघाले. आमच्या मळ्यात असा तुरा कुणी बघितला नव्हता. पान चाखावं, तर तीही सोय नाही. नव्या रांगेचं पहिलं पान घटस्थापनेला देवीपुढे जातं, त्याआधी ते कुणी जिभेवर ठेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

काकांनी मात्र न चाखताच निकाल दिला. "येल बाटली. हिच्या पायानं बाटली."

झालं! भावकीत बोंब, आणि फर्मान निघालं. घटस्थापनेला अबोलीने सगळ्यांसमोर नारळ ठेवून मळ्याच्या उंबऱ्यावर नाक घासायचं. नाहीतर मळा कायमचा बंद तिला.

निखिल म्हणाला, "घास ना एकदा. कशाला टेन्शन वाढवतेस?"

"नाक माझं आहे," ती म्हणाली. "तुला एवढी घाई असेल तर तुझं घास."

मला फोन केला तेव्हा मात्र तिने मनातलं सांगितलं. "ताई, मळा सुटला ना, तर या घरात मी नुसती भाकऱ्या थापायला उरेन. आणि जे मी केलंच नाही त्याची माफी मागितली, तर परत त्या वेलींकडे मान वर करून बघता पण येणार नाही मला."

"मग काय करणार?"

"बघणार. अजून कुणी त्या वेलीकडे नीट बघितलेलंच नाहीये, ताई. सगळे माझ्याच पायांकडे बघतायत."

घटस्थापनेला मी सकाळीच पोहोचले. अंगणात भावकी जमलेली, काका पांढरा सदरा घालून उभे. अबोली नारळ घेऊन आली. कुणीतरी काकू पुटपुटली, "आज काय नाय ना गं तुझं?"

"आहे ना. दुसरा दिवस आहे," अबोली म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी! "सांगून जाते म्हटलं होतं. सांगितलं."

चपला काढल्या आणि गेली आत. कुणाला अडवायचं सुचलंच नाही. जुन्या वेलीचा एक शेंडा आणि नव्या रांगेचा एक शेंडा खुडून घेऊन आली.

"काका, धरा."

काकांनी हात मागे घेतला. मग तिने दोन्ही शेंडे ओट्यावर शेजारी शेजारी मांडले.

"जुन्या वेलीला खालीवर कुठेही बघा, प्रत्येक पानाला देठ आहे. आता ही बघा. खाली देठ आहे, पण शेंड्याला देठच नाही, पान सरळ कांडीला मिठी मारून बसलंय. आणि हा तुरा. अख्खा मळा शोधला मी, दुसऱ्या कुठल्याच वेलीला नाही. ही बाटलेली नागवेल नाही, काका. ही नागवेलच नाही."

"मग काय हाय?"

"नाव नाही मला माहीत."

तेव्हा आई उठली. मला वाटलं, पोरीला आत घेऊन जाईल. आईने तो शेंडा उचलला, तुरा तोडला आणि देवीच्या आधी सरळ दाताखाली धरला. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"पिंपळी हाय ही," आई म्हणाली. "रानातली पिंपळी. खोकला झाला का माझी आय मधातून चाटवायची."

"मामाच्या मळ्यातली हाय ती," काका म्हणाले.

"मामाचा मळा रानानं खाल्ला, भावजी. तुमी पानाची समजून पिंपळी कापून आनली. पोरीच्या पायाचा काय संबंध?"

काका ओट्याला टेकले. मला त्यांची दया आली, पण त्यांनी अजून हट्ट सोडला नव्हता. "ह्या रांगेचं ऱ्हाऊ दे. पन नियम तो नियम. येल नासते म्हंजे नासतेच."

आईने अबोलीच्या हातातला नारळ काढून घेतला.

"मी नवीन आले त्या वर्साला एक रांग कुजली," ती म्हणाली. "तवा पन पाय माझाच निघाला. याच उंबऱ्यावर मी नाक घासलं, समदी भावकी बगत व्हती. तवापास्नं मी त्या चार दिसांत मळ्याकडं तोंड पन केलं नाय." मग काकांकडे वळली. "ती रांग कशानं कुजली व्हती, भावजी?"

मला हे आजवर माहीतच नव्हतं, पोटच्या पोरीला! मला रडू आलं आणि असा संताप आला की काय सांगू.

आईने नारळ पायरीवर आपटून फोडला आणि दोन्ही वाट्या अबोलीच्या हातात दिल्या.

"चटनी वाट याची," म्हणाली. "आनि आदी मळ्याला पानी सोड जा."